मणक्यातली ‘गॅप’ आणि रविवारचे खेळाडू

दिवाळीच्या सुट्टीत आणि पुढे उन्हाळाभर आपल्याकडे टेनिस बॉल क्रिकेटचे, व्हॉलीबॉलचे, कबड्डीचे सामने रंगतात. मग सोमवारी सकाळी आमच्या दवाखान्याच्या बाकावर कंबर धरून बसलेली मंडळी दिसू लागतात. त्यात किराणा दुकानदार असतात, शिक्षक असतात, बँकेतले कारकून असतात. सहा दिवस गल्ल्यावर किंवा टेबलामागे बसून काढायचे आणि सातव्या दिवशी भर उन्हात तीन-तीन सामने खेळायचे, हा त्यांचा शिरस्ता. कंबरेने तक्रार केली तर नवल नाही.

खेळू नका, असे मी कधीच सांगत नाही. चाळिशीनंतर मैदानावर उतरणारा माणूस मला तरी आवडतो. माझी तक्रार आहे ती कंबर धरल्यानंतर जे चालते त्याविषयी. आधी पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा. मग चार दिवस लाकडी फळीवर पडून राहायचे. तरी राहिले नाही तर एक्स-रे काढायचा आणि कुणीतरी ‘मणक्यात गॅप आहे’ म्हटले की कंबरपट्टा बांधून खेळ कायमचा बंद. पस्तिशीतला धडधाकट माणूस पाण्याची बादली उचलायलाही घाबरू लागतो. कंबरेच्या त्या लचकेपेक्षा ही भीती जास्त नुकसान करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही गॅप म्हणजे काय? कंबरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. वय वाढते तसे गादीतले पाणी कमी होते आणि ती चपटी होते. (गंमत अशी, की एकच फोटो पाहून कुणी ‘गॅप वाढली’ म्हणते, कुणी ‘गॅप कमी झाली’ म्हणते!) केस पिकावेत तसा हा प्रकार आहे. अमेरिकेत 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा आढळला. हे सारे लोक ठणठणीत होते. म्हणून साध्या लचकेसाठी पहिल्याच आठवड्यात फोटो काढण्यात अर्थ नसतो.

अंथरुणावर पडून राहण्याचेही तसेच. 1995 साली फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. कंबर धरलेल्या काही जणांना दोन दिवस झोपवून ठेवले, काहींना कंबरेचे व्यायाम दिले आणि काहींना सोसेल तेवढी रोजची कामे करा असे सांगितले. सर्वांत लवकर सावरले ते हे कामे करणारे. तेव्हा लचक भरली तर पहिल्या दिवशी खेळ थांबवा, शेक घ्या, कुशीवर पडून गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, पण दर तासाला उठून घरातल्या घरात चालाच. थोडे दुखेल. दुखणे म्हणजे काही मोडले असे नव्हे. बहुतेकांना दोन ते सहा आठवड्यांत आराम पडतो.

गोळ्यांविषयी दोन शब्द. पॅरासिटामॉल कंबरेच्या ताज्या दुखण्यात औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरत नाही, असे 2014 साली ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत दिसले. इतर वेदनाशामक गोळ्या उपयोगी पडतात, पण सामना सुरू होण्याआधी गोळी किंवा सुई घेऊन मैदानात उतरण्याची जी पद्धत पडली आहे ती घातक आहे. घामाने शरीर सुकलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

पुन्हा दुखू नये म्हणून काय करावे, याचे उत्तर इतके साधे आहे की रुग्णांचा विश्वास बसत नाही. चाला! ऑस्ट्रेलियातच 701 जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2024 साली आले. मार्गदर्शन घेऊन हळूहळू चालणे वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत नेणाऱ्यांची कंबर सरासरी 208 दिवसांनी पुन्हा धरली, न चालणाऱ्यांची 112 दिवसांनी. त्याच्या जोडीला उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणे आणि रांगण्याच्या स्थितीत उलट-सुलट हातपाय ताणणे, एवढे दोन व्यायाम दहा मिनिटे पुरेत. सकाळी उठल्या उठल्या मात्र खाली वाकण्याचे व्यायाम करू नयेत. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते. सामन्याआधी दहा मिनिटे हळू पळून अंग तापवा. मोटारसायकलवरून उतरून थेट पहिला चेंडू टाकू नका.

आता याच्या अगदी उलट गोष्ट सांगतो, कारण ती घरातल्या मुलांची आहे. बारा ते वीस वर्षांचा वेगवान गोलंदाज कंबरेच्या एकाच बाजूला, चेंडू टाकताना किंवा मागे वाकताना दुखते म्हणत असेल, तर ‘अंगावर काढ’ म्हणू नका. वाढत्या हाडावर वारंवार ताण येऊन मणक्याच्या मागच्या भागाला बारीक चीर पडते. साध्या एक्स-रेत ती सुरुवातीला दिसेलच असे नाही. इथे एमआरआय लागतो आणि विश्रांतीही खरी लागते, गोलंदाजी काही महिने पूर्ण बंद. डेनिस लिलीची कारकीर्द 1973 साली अशाच दुखण्याने संपते की काय असे वाटले होते. जसप्रीत बुमराहला पाठीच्या दुखण्याने 2022 च्या टी-20 विश्वचषकाला मुकावे लागले आणि 2023 साली शस्त्रक्रिया करावी लागली. आपल्या गावातला पोरगा तर चषकासाठी एका दिवसात तीन संघांकडून गोलंदाजी करतो, त्याचे षटक मोजायला कुणी नसते. आयोजकांनी निदान सोळा वर्षांखालील मुलांची षटके मोजावीत. एक वही आणि पेन्सिल पुरेल.

लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासे झाले, तर रात्र न थांबता मोठ्या रुग्णालयात जा. संध्याकाळी ताप येतो, वजन घटते, रात्री झोपेतही कंबर ठणकते, अशा वेळी मणक्याच्या क्षयाचा विचार करावा लागतो. आणि कळ कंबरेतून जांघेकडे उतरत असेल, कुठल्याच कुशीवर चैन पडत नसेल, तर आधी मुतखडा आहे का ते तपासून घ्या.