वापरात आहे तोवर साधन

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो आणि साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. त्याच सुमारास आमच्या घरीही दरवर्षी एक छोटा विधी पार पडतो. गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमधील जीपवरची ताडपत्री काढली जाते, बॅटरी भरून आणली जाते आणि बाबूजी खुर्ची टाकून समोर बसतात. यंदा मात्र ताडपत्रीबरोबर एक प्रश्नही उघडा पडला : ही जीप ठेवायची की देऊन टाकायची?

जीपची पहिली नोंदणी १९६८ सालची. बाबूजींनी ती १९७३ मध्ये, मोठा दुष्काळ सरल्यावर, जुनीच विकत घेतली. कापडाचे तागे मागे रचून ते पाथर्डी, शेवगाव, जामखेडचे आठवडी बाजार करीत. पुढे टेम्पो आला, मग माल ट्रान्सपोर्टने जाऊ लागला आणि जीप शेडमध्ये विसावली. आता नोंदणीची मुदत संपत आली होती आणि एका संग्राहकाने चांगली रक्कमही देऊ केली होती. थोरले बंधू म्हणाले, "बाबूजी, हा आता निव्वळ परिग्रह आहे. ज्याला हौस आहे, त्याच्याकडे जाऊ द्या."

माझ्या मुलाचे मत वेगळे होते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेले, मूळ स्वरूपात जपलेले दुचाकी वा चारचाकी वाहन 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची, नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. ज्या वाचकांच्या वाड्यात अशी एखादी गाडी उभी असेल, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मात्र त्याच नियमांत एक अटही आहे. असे वाहन प्रदर्शनासाठी, विंटेज रॅलीसाठी, इंधन भरण्यासाठी वा दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वा व्यापारी वापरासाठी नाही.

बाबूजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "वापरात आहे तोवर ते साधन. सन्मानाने झाकून ठेवले, तरी तो परिग्रहच. एकदा हिला समुद्रापर्यंत नेऊ. घाट चढून परत आली तर ठेवू, नाही तर देऊन टाकू." व्यापाऱ्याने मालाची पारख करावी तशी ही अट होती. बंधूंनी ती मान्य केली; एवढेच नव्हे, तर सोबत येण्याचेही कबूल केले.

आपल्या नगरला जीप परकी नाही. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे, लष्करी वाहनांचे संशोधन करणारी संस्था येथे आहे आणि १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालयही येथेच आहे. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्रने सुटे भाग आणून मुंबईत जीपची जोडणी सुरू केली. आमची जीप 'सीजे-थ्रीबी' जातीची. हिचे बॉनेट इतर जीपांहून उंच दिसते, कारण आतील इंजिनच उंच आहे. त्याच्या हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा माथ्यावर बसवलेल्या असतात. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र पुढेही बनत राहिले.

निघण्यापूर्वी मिस्त्रींनी आठ दिवस काम केले. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा कडक होतो. आपला जिल्हा उसाचा. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी रोवली गेली आणि आज याच उसातून इथेनॉलही निघते. "आपलाच ऊस आपल्या जीपला खातो आहे," असे म्हणत मिस्त्रींनी सर्व नळ्या आणि पडदा नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा बसवला.

मुक्कामाचे ठिकाण बाबूजींनी ठरवले : चौल. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. पण निजामशाहीच्या काळात नगरच्या राज्याचे बंदर चौल हेच होते. येथे उतरलेला माल घाटांनी वर येई. पंधराव्या शतकात, नगर शहर वसण्याच्याही आधी, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकण्याच्या आशेने चौलला उतरला. तेथून जुन्नरला पोहोचायला त्याला तीन आठवड्यांहून अधिक दिवस लागले आणि पावसाळा त्याने जुन्नरलाच काढला. जुन्नर तालुक्यातूनच आम्हांला जायचे होते.

टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर असे करीत आम्ही माळशेज घाटाच्या माथ्यावर आलो. ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे बाबूजी जाऊ देत नव्हते. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवायची, असा त्यांचा दंडक. जुन्या ड्रम ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ते तापून निकामी होतात. मुरबाडवरून कर्जत (हे रायगडचे, आपल्या जिल्ह्यातले नव्हे), खोपोली, पेण, अलिबाग असा मार्ग धरला. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे असल्याने साडेचार वाजताच मुक्कामाची जागा शोधावी लागे. पहिल्या दिवशी मुलगा अस्वस्थ झाला. मोटारीने हे अंतर एका दिवसात सहज कापता येते. दुसऱ्या दिवशी तोच गावांची नावे विचारू लागला. श्रावकाच्या बारा व्रतांत दिशापरिमाण व्रत आहे; किती दूर जायचे याची मर्यादा आपणच घालून घ्यायची. या प्रवासात ती मर्यादा आम्हांला जीपने आणि सूर्याने घालून दिली.

चौलला आज बंदराची गजबज नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या, जुनी तळी, शेजारी रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईची टेकडी. हा कोर्लईचा डोंगर निजामशाहीने बळकट केला आणि १५९४ साली पोर्तुगिजांनी जिंकला. बाबूजी बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढ्या मोठ्या पेठेचा माल कुठे गेला, बघा." थोरले बंधू त्यावर काही बोलले नाहीत.

पुढे मुरूडवरून आगरदांड्याला आलो. तेथून दिघीपर्यंत राजापुरीची खाडी फेरीबोटीने ओलांडावी लागते. ट्रक, मोटारी आणि दुचाकींच्या रांगेत आमची जीपही बोटीवर चढली. अनेकांनी येऊन तिच्या उंच बॉनेटवर हात फिरवला. दिवेआगरला काही तरुण आपल्या गाड्या पुळणीवर भरधाव पळवीत होते. मुलानेही विचारले. बाबूजींनी त्याला खाली वाकून पाहायला सांगितले. ओल्या वाळूत लहान लहान छिद्रे होती आणि त्यांतून खेकडे ये-जा करीत होते. मुलगा किल्ली खिशात टाकून चालतच पाण्यापर्यंत गेला. शिवाय खारे पाणी जीपच्या चासीला पोखरते. म्हणून रात्री मुक्कामी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन काढला.

खरी परीक्षा परतीची होती. श्रीवर्धनपर्यंत जाऊन आम्ही म्हसळा, माणगाव, पेणमार्गे पुन्हा मुरबाडला आलो. दुपारच्या उन्हात माळशेजची चढण सुरू झाली आणि निम्म्या घाटात इंजिन आचके देत बंद पडले. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ झाली होती. वाफ झाली की पंप इंधन ओढू शकत नाही. मुलगा फोन काढून ओढून नेणारी गाडी शोधू लागला. बाबूजी जागचे हलले नाहीत. थोरल्या बंधूंनी मात्र पिण्याच्या पाण्याची बाटली घेतली, आपला पंचा भिजवला आणि पंपाभोवती गुंडाळला. १९८० च्या सुमारास बाजाराला जाताना हेच काम त्यांच्याकडे असे, हे मला त्या क्षणी आठवले. वीस मिनिटे आम्ही दरीकडे पाहत उभे राहिलो. पंचा दोनदा पुन्हा ओला करावा लागला. मग बंधूंनी स्वतःच स्टार्टर दाबला. जीप सुरू झाली आणि सावकाश माथ्यावर आली.

घरी पोहोचल्यावर तीन दिवस कोणी विषय काढला नाही. चौथ्या दिवशी बंधूंनीच संग्राहकाला नम्रपणे नकार कळवला. विंटेज नोंदणीऐवजी नेहमीच्या नोंदणीचेच नूतनीकरण करायचे ठरले. त्यासाठी तपासणी करून घ्यावी लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल आणि पाच वर्षांनी पुन्हा तेच करावे लागेल. पण गाडी रस्त्यावर राहील. बंधूंनी एक अट मात्र घातली. दर रविवारी जीपमधून पांजरपोळात चारा न्यायचा आणि ज्या महिन्यात हे चुकेल, त्या महिन्यात विक्रीचा विषय पुन्हा निघेल.

बाबूजींनी ती अट हसून मान्य केली. वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरी अशी एखादी वस्तू असतेच. शिवणयंत्र, तराजू, पितळी घंगाळ. ती ठेवावी की द्यावी, याचा निर्णय आठवणींवर सोडू नये. एकदा ती कामाला लावून पाहावी. आमच्या जीपचा पहिला रविवार झाला आहे. दुसऱ्या रविवारी गाडी कोण चालवणार, यावर सध्या दोन पिढ्यांत वाद चालू आहे.

जय जिनेंद्र.