फौज निजामाची, हुकूम इंग्रजांचा, पैसा वऱ्हाडचा

वऱ्हाडचा इतिहास म्हणजे निजाम आणि इंग्रजांच्या तहांची यादी, असंच आपल्याला शिकवलं जातं. त्या तहांचं बिल कुणी भरलं, हे कुणी सांगत नाही. तो हिशेब मित्रांनो, आपणच मांडू.

भांडण होतं हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाचं. नाव निजामाचं, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा. एलिचपूर (आपलं अचलपूर) आणि हिंगोलीला तिच्या छावण्या. 1800 च्या तहाप्रमाणे निजामानं युद्धाच्या वेळी सैन्य द्यायचं होतं; शांततेतही कायम फौज पोसावी, असं कलम नव्हतं. तरी पोसायला लावली. पगार थकले, कंपनीनं उसने दिले, व्याज चढलं. ते कर्ज पुढे करून डलहौसीनं 1853 मध्ये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब ताब्यात घेतले. 1860 मध्ये 50 लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव-रायचूर परत गेले. वऱ्हाड मात्र सुटला नाही. कारभारावर किती खर्च करायचा ते इंग्रज ठरवणार, उरलंसुरलं निजामाला! सालारजंगानं फौजेच्या खर्चापोटी रोख ठेव देऊ केली, तरी इंग्रज बधले नाहीत. कापसाचा मुलूख कोण सोडतो? बडनेऱ्यावरून रेल्वे गेली, अमरावतीच्या कापूसबाजारासाठी इथूनच फाटा काढला. 1902 मध्ये कर्झननं सालिना 25 लाखांवर कायमचा पट्टा लिहून घेतला, आणि ज्या फौजेसाठी प्रांत घेतला तीच लगेच हिंदी लष्करात विलीन केली.

या वाटाघाटीत निजाम नाडला गेला, असं हळहळून लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हाला त्याची हळहळ नाही. दोघंही दुसऱ्याच्याच पैशावर भांडत होते. सारा शेतकऱ्यानं भरला, मजुरी आपल्या लोकांनी केली. गावचा वसूल ठाण्यात पोचवणं हे तर महाराचं वतनी काम. पैसा ज्याच्या पाठीवरून गेला, त्याला बैठकीत जागा नव्हती.

कुणी म्हणेल, इंग्रजी पलटणींनीच आपल्याला बंदूक दिली. मुंबई लष्कराबाबत ते खरं आहे. पण 1890 च्या दशकात महारांची भरती बंद करताना त्याच सरकारनं आपल्याला विचारलं होतं का?

बाबासाहेबांनी 1915 मध्ये कोलंबियात कंपनी सरकारच्या जमाखर्चावर प्रबंध लिहिला. लष्कर किती गिळतं आणि लोकोपयोगी कामांना किती उरतं, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. आपण त्यांची जयंती जोरात करतो. हा प्रबंध किती जणांनी उघडलाय?

2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे चारशे कोटींवर रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. बहिणींना पैसे मिळावेत, आमची तक्रार नाही. त्यात आपल्याही बहिणी आहेत. पण ते अनुसूचित जातींच्या राखीव निधीतूनच का, आणि कुणाला विचारून? पुढच्या अर्थसंकल्पाआधी हा प्रश्न बडनेऱ्यापासून प्रत्येक आमदाराच्या दारात लेखी गेला पाहिजे, आकड्यांसकट.