घड्याळ बदलायचे की पट्टा?

ईदच्या खरेदीच्या यादीत कपडे, चपला आणि अत्तर यांच्या जोडीला आता स्मार्टवॉचही आले आहे. नववी-दहावीच्या मुलांना ते हवे असते, त्यांच्या अब्बांच्या मनगटावर ते असतेच आणि आखातातून सुट्टीवर आलेला भाऊ अम्मीसाठीही एक घेऊन येतो. इथपर्यंत ठीक. पण आता पुढचा प्रश्न सुरू झाला आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेले घड्याळ चांगले चालते आहे, पण दुकानात त्याच्यापेक्षा नवे आले आहे. पालकसभा संपल्यावर एका आईने मला हेच विचारले, "टीचर, मुलगा म्हणतो जुनं बदलूया, नव्यात बीपीसुद्धा कळतो. घेऊ का?"

मी विचारले, जुन्याचा घरात उपयोग काय होतो? त्यांनी बोटांवर मोजले. फोन कुठे ठेवला ते शोधायला. ओट्याशी हात पिठात असताना कोणाचा फोन आला ते बघायला. सासऱ्यांच्या गोळ्यांची आठवण. आणि नमाजची वेळ. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत यादी हीच आहे, कोणाकडे त्यात रोज किती पावले चाललो याची भर. यांतल्या एकाही कामाला नवे घड्याळ लागत नाही. (पावलांचा तो प्रसिद्ध दहा हजारांचा आकडाही काही डॉक्टरांनी ठरवलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावातच 'दहा हजार पावले' होते, तिथून तो पसरला. सहा हजार चाललात तरी मन खट्टू करू नका.)

नमाजच्या वेळेबाबत मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण इथे नव्या घड्याळापेक्षा जुन्याचे सेटिंग महत्त्वाचे. ॲप वेळ काढते ते सूर्य क्षितिजाखाली किती अंश आहे यावरून. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी कराचीची पद्धत फजरसाठी 18 अंश धरते. उत्तर अमेरिकेतली इसना ही पद्धत 15 अंश धरते. काही ॲपमध्ये हीच आधीपासून निवडलेली असते. तीन अंशांचा हा फरक आपल्या महाराष्ट्रात साधारण तेरा मिनिटांचा होतो. म्हणजे रमजानमध्ये घड्याळावर विसंबून सहरी करणारा माणूस वेळ संपल्यावरही जेवत राहील. असरचेही तसेच. कोकणातली आपली बहुतेक घरे शाफई आहेत, घाटावरची बहुतेक हनफी. सावली एक पट धरायची की दोन पट, यावर असरची वेळ पाऊण ते सव्वा तास मागे-पुढे होते. रत्नागिरीच्या सुनेचे आणि सोलापूरच्या सासूचे घड्याळ वेगवेगळी वेळ दाखवत असेल तर बिघाड समजू नका. सेटिंगमध्ये जाऊन पद्धत आणि मसलक निवडा आणि एकदा आपल्या मस्जिदीत लावलेल्या तक्त्याशी ताडून बघा.

वुजूला घड्याळ काढणेच बरे. पाण्याने ते बिघडेल ही भीती नको. '5 एटीएम' लिहिलेल्या घड्याळाला वुजूच्या पाण्याने काही होत नाही, वाईट होते ते साबण आणि गरम पाण्याच्या वाफेने. पण पट्टा घट्ट असेल तर त्याखालची जागा कोरडी राहते आणि वुजूत पाणी तिथेही पोहोचायला हवे. आणि नमाजला उभे राहण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. रुकूमध्ये मनगट थरथरते, अंधारात पडदा उजळतो आणि शेजारच्याचीही नजर तिकडे जाते. फोन बंद करायची सवय आपल्याला लागली, घड्याळाची अजून लागायची आहे.

आता त्या आईच्या मूळ प्रश्नाकडे वळते. नवे घड्याळ खपवताना जाहिरातीत सगळ्यात पुढे असते ते आरोग्य, आणि माझ्या मते सगळ्यात सावध राहायचे तेही तिथेच.

घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषते. ठोक्यागणिक मनगटातले रक्त कमी-जास्त होते, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके असे बऱ्यापैकी बरोबर कळतात. ईसीजीची सोय असलेल्या घड्याळावर दुसऱ्या हाताचे बोट तीस सेकंद ठेवले की ठोक्यांची लय बिघडली आहे का ते कळू शकते. वयस्कर माणसासाठी हे खरोखर उपयोगाचे आहे, पण त्यातून हार्ट अटॅक ओळखता येत नाही, असे ॲपल कंपनी स्वतःच सांगते. छातीत दुखत असेल तर घड्याळाकडे बघत न बसता दवाखाना गाठायचा. बीपीचे म्हणाल, तर सॅमसंगच्या घड्याळात तो बघण्यासाठी आधी दंडाला बांधायच्या साध्या यंत्राशी जुळवणी करावी लागते आणि दर 28 दिवसांनी ती पुन्हा करायची असते. म्हणजे ते यंत्र घरात लागतेच. मग आधी तेच का घेऊ नये?

साखरेची गोष्ट याहून गंभीर आहे. आमच्या शेजारच्या एका चाचांना मुलाने आखातातून घड्याळ पाठवले. सुई न टोचता साखर दाखवणारे, असे खोक्यावर लिहिले होते. चाचांनी बोट टोचणे सोडून दिले. रमजानमध्ये एके दिवशी असरनंतर त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. घड्याळ 112 दाखवत होते. सुनेने न ऐकता ग्लुकोमीटर काढला, तर साखर 58! तिने तिथल्या तिथे साखरेचे पाणी पाजून रोजा सोडायला लावला. चाचा नाराज झाले, पण वाचले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फेब्रुवारी 2024 मध्येच इशारा दिला होता की, त्वचेला न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर येतो, त्याचा आकडा घड्याळावर दिसतो, ती गोष्ट वेगळी. त्याचा बारीक तंतू त्वचेखाली असतो. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, हे उलमांनी स्पष्ट केलेले आहे. साखर 70 च्या खाली गेली तर रोजा सोडावा, असे मधुमेहाचे डॉक्टर सांगतात. ज्यांच्या घरी वडीलधारे रोजे ठेवतात त्यांनी हे दोन आकडे, 70 आणि वरच्या बाजूला 300, फ्रिजवर लिहून लावावेत.

मग नवे कधीच घेऊ नये का? तसे नाही. बॅटरी असरपर्यंतही टिकत नसेल, कंपनीने अपडेट देणे बंद केल्यामुळे रोजची ॲप चालत नसतील, तर बदला. घरात एकटी राहणारी म्हातारी आई असेल तर पडल्यावर आपोआप फोन लावणारे घड्याळ मी खर्च म्हणणार नाही. फक्त फोन जवळ हवा किंवा घड्याळात स्वतःचे सिम चालायला हवे, हे घेतानाच विचारा. आणखी एक विचारा: ॲपलचे घड्याळ अँड्रॉइड फोनला जोडता येत नाही, आणि सॅमसंगची 2021 पासूनची घड्याळे आयफोनला. हे न विचारता आणलेली भेट खोक्यातच राहते.

पैशांचेही बघा. 'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दांनी आपल्यापैकी अनेकांचे मन निश्चिंत होते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच म्हटले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. बहुतेक वेळा बँक व्याज लावते, दुकानदार तेवढी सूट किमतीत देतो आणि त्या व्याजावरचा जीएसटी आपल्या कार्डाच्या बिलात येतो. हे व्यवहार सूद धरायचे की नाही, ते ज्याने-त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण बिल एकदा वाचून मग विचारावे.

त्या आईला मी पट्टा बदलायला सांगितले. दोनशे रुपयांत घड्याळ नवे दिसते, मुलाचे निम्मे समाधान तिथेच होते. आणि बदलायचेच ठरले, जुने धाकट्या भावाला किंवा कामवाल्या बाईच्या मुलीला द्यायचे असेल, तर आधी ते आपल्या फोनवरून 'अनपेअर' करून रीसेट करा. नाहीतर त्यात तुमची माहिती तशीच राहील, आणि काही घड्याळे तर नव्या मालकाच्या हातात सुरूच होत नाहीत.