हितसंबंध नसावा, आस्था असावी

‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ ही इंग्रजी विशेषणे एकाच अर्थाने वापरलेली मी अनेक टिपणांत पाहिली आहेत. मूळ शब्द ‘इंटरेस्ट’. त्याचे अर्थ दोन : हितसंबंध आणि रस. ज्याचा प्रकरणात हितसंबंध नाही तो पहिला, ज्याला त्यात रसच नाही तो दुसरा. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असावा लागतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर पक्षकारांचे दैवच फिरले म्हणायचे.

मराठीत या दोन अर्थांना दोन स्वतंत्र शब्द आहेत, तरी घसरण आपल्याकडेही झालीच. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘उदासीन’ हे भक्ताचे लक्षण सांगितले आहे आणि त्याला लागूनच ‘दक्ष’ हेही. आज ‘उदासीन अधिकारी’ म्हटले की ती तक्रार ठरते. मधल्या काळात ‘दक्ष’ गळून पडला!

अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत मात्र संपूर्ण सचोटी आणि कर्तव्यनिष्ठा या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मागितल्या आहेत. २०१४ च्या दुरुस्तीने राजकीय तटस्थतेबरोबर जनतेच्या, विशेषतः दुर्बल घटकांच्या, गरजांना प्रतिसाद देण्याचे कर्तव्यही घातले. म्हणजे अलिप्तता हवी ती स्वार्थापासून, कामापासून नव्हे.

हा केवळ शब्दच्छल नाही. दिल्लीच्या ग्रीन पार्कमधील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसे दगावली, बहुतेक धुराने गुदमरून. बाल्कनीतील एका बाजूची वाट जादा खुर्च्यांनी बंद झालेली होती. चित्रपटगृह वर्षानुवर्षे तात्पुरत्या परवान्यांवर चालू होते आणि ते परवाने वेळोवेळी मिळतही होते. पुढे मालकांबरोबर वीज आणि अग्निशमन खात्यांतील काही जणही न्यायालयात दोषी ठरले. परवान्यावरची सही कोरडी असते. सही करणाऱ्याने ती वाट चालून पाहिली होती काय, हे तिच्यावरून कळत नाही.

लाच घेणाऱ्याला पकडण्यासाठी आपण सापळे लावतो. पण लाच न घेता, न पाहता सही करणारा ‘स्वच्छ’ म्हणून निवृत्त होतो. माझ्या मते वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात सचोटीच्या रकान्याशेजारी आणखी एक प्रश्न हवा : या अधिकाऱ्याने वर्षभरात जागेवर जाऊन स्वतः काय पाहिले?