लादीखालची माती आधी तपासा!

कांदिवलीकरांनो, तुमच्या गल्लीत एखादा जुना गाळा किंवा गॅरेज पाडायला घेतलं असेल, तर आज संध्याकाळी पाच मिनिटं तिथे थांबा. आत शिरू नका, पत्र्याबाहेरूनच बघा. जिथे वर्षानुवर्षं थिनरचे डबे उघडले, इंजिनाचं काळं ऑइल सांडलं, लोखंडी भाग सॉल्व्हंटने धुतले, तिथली लादी उचलल्यावर खालची माती कशी दिसते? काळी, तेलकट. कडेच्या डबक्यावर रंगीत तवंग. आणि घशात बसणारा वास. तसं काही दिसलं तर नाकाला रुमाल लावून घरी निघून जाऊ नका. फोटो काढा. पत्ता आणि तारीख टिपून ठेवा.

कारण त्याच जागी उद्या टॉवर येणार आहे. खाली मुलांची बाग होईल. रांगतं मूल माती चिवडतं आणि तोच हात तोंडात घालतं, हे कुठल्या आईला सांगायला हवं? बेन्झिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. धातूचे भाग धुवायला वापरलेल्या ट्रायक्लोरोइथिलीनमुळे मूत्रपिंडाचा होतो. ही विषं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पावसाबरोबर झिरपून बोअरच्या पाण्यात उतरतात. राष्ट्रीय उद्यानातून निघालेली आपली पोईसर नदी त्यांना घेऊन खाडीपर्यंत जाते.

‘माती उचलून नेली की झालं,’ असं तुम्हाला सांगतील. ऐकू नका. डंपर कुठे रिकामा होणार, ते विचारा. खारफुटीच्या कडेला? एखाद्या सखल वस्तीत भरणी म्हणून? तिथेही कुणाची तरी पोरं खेळतात. आपल्या दारातलं विष दुसऱ्याच्या दारात ढकलणारी माणसं तुम्ही नाही.

आणि ढकलायची गरजही नाही. यातली बरीच विषं मातीतच मोडता येतात. ती कशी, हे नीट समजून घ्या, म्हणजे कुणी ‘हे अशक्य आहे’ म्हणालं तर तुम्हाला उत्तर देता येईल. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो, ते तुम्ही पाहिलंय. त्याच पेरॉक्साइडला लोहाच्या क्षाराची जोड दिली, की त्यातून एक अतिशय आक्रमक कण सुटतो. तो सेकंदाच्या दशलक्षांश भागाइतकाही टिकत नाही, पण तेवढ्यात समोर आलेल्या तेलाचा, सॉल्व्हंटचा रेणू तोडतो. तुकड्यांचे तुकडे होत शेवटी उरतं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि साधे क्षार. लोह इथे सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं काम करतं. लग्न लावून देतं आणि पुढच्या घरी जायला पुन्हा मोकळं. याला म्हणतात उत्प्रेरक. हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ही क्रिया १८९४ साली मांडली. आज जगभर दूषित जमिनीत नळ्या सोडून ती वापरली जाते. लोखंडाची बारीक पूडही क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट निकामी करते.

पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवायची नाही. शिसं, पारा, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत. ती कुठल्याच उत्प्रेरकाने मोडत नाहीत. त्यांना मातीत बांधून टाकावं लागतं किंवा काढावं लागतं. म्हणूनच आधी तपासणी हवी, मग उपाय. आणि कृपा करून हे स्वतः करू नका. तीव्र पेरॉक्साइडने कातडी भाजते, उष्णता आणि वायू उसळतात. हे काम जाणकारांचंच. ते करून घेणं मात्र तुमचं.

उशीर केला तर काय होतं, ते पाहायला लांब जायला नको. शेजारच्या मालाडमध्ये चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर चकचकीत कार्यालयं उभी राहिली, आणि जमिनीतून येणाऱ्या वायूंनी संगणक बिघडत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. यंत्रं बदलता येतात. फुप्फुसं कुठून आणणार? अमेरिकेत नायगारा फॉल्स गावी लव्ह कॅनॉल नावाच्या कालव्यात पुरलेल्या रसायनांवर शाळा बांधली होती. १९७८ साली लॉइस गिब्ज नावाच्या एका आईने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. शेवटी सरकारला कुटुंबं हलवावी लागली, आणि १९८० साली अशा जागा साफ करण्याचा कायदा आला. ती शास्त्रज्ञ नव्हती. तिचा मुलगा त्या शाळेत जात होता, एवढंच.

तुमच्या हातात तर आता नियमच आहेत. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी खास नियम काढले. लोकांच्या तक्रारीवरूनही स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागा नोंदवायची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसायचा. नियम आले तेव्हा देशभरात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या. साफसफाई सुरू झाली होती ती फक्त ७ ठिकाणी. तक्रार केल्याशिवाय आपली गल्ली त्या यादीत येणार नाही.

तेव्हा उठा. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या. पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याआधी माती आणि बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागा. गॅरेजवाल्या भाऊंनो, काळं ऑइल गटारात ओतू नका, पिंपात साठवा, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला द्या. ताईंनो, उरलेला थिनर, कीटकनाशक मोरीत टाकू नका. जुन्या कामगार काकांनो, कुठल्या शेडमागे काय ओतलं जायचं हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. ते सांगा. तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

आणि पत्र लिहा. एक प्रत महापालिकेच्या आर-दक्षिण विभागाला, एक वांद्र्याला उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला. प्रत्येक प्रतीची पोच घ्या. जेसीबी लागायच्या आत लिहा. पाऊस पडायच्या आत लिहा. आज रात्री जेवणं झाली की शेजाऱ्याला हाक मारा, आणि दोघं मिळून लिहायला बसा.