माया

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी एक आवाज हमखास असतो. जुन्या ब्लेडने शिवण उसवण्याचा. आई खिडकीशी बसलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मांडीवर धाकटीचा गेल्या वर्षीचा गणवेश. मे महिन्याच्या सुट्टीत मुलं आंब्यांवर वाढतात की झोपेवर, कोण जाणे. मार्चमध्ये गुडघ्यापर्यंत येणारा फ्रॉक आता चार बोटं वर चढला होता.

"नवाच घेऊ या का?" मी विचारलं.

"कशाला? शिंप्यानं चांगली मोठी माया सोडलीय."

तयार गणवेश आईला मंजूर नसतो तो यासाठीच. त्यात सगळं असतं, माया नसते. धाकटी शेजारी बसून उसवलेले दोरे गोळा करत होती. तिनं विचारलं, "आजी, माया म्हणजे?"

"म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. आज लागत नाही, तू वाढलीस की लागतं."

शब्द ऐकत मी मोठा झालो, पण त्यात काही आहे हे त्या दिवशी कळलं. आईच्या जिवातली माया आणि शिवणीतली माया हा एकच शब्द. ज्यानं कुणी तो पहिल्यांदा शिवणकामात वापरला, त्याच्या घरात वाढतं मूल असणार.

पंचांगवाल्यांनाही ही विद्या ठाऊक होती. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांनी कापड आखूड पडतं. म्हणून तीन वर्षं व्हायच्या आतच एक अख्खा महिना सोडावा लागतो. तो अधिक मास. ही माया सोडली नसती, तर आपले सण ऋतूंमधून घसरत गेले असते आणि थोरल्याचा दिवाळीचा किल्ला एखाद्या वर्षी भर पावसात वाहून गेला असता.

थोरल्याला मात्र अधिक मासाचा राग आहे. २०२३ साली श्रावण दोनदा आला. तो तेव्हा पाच वर्षांचा होता. श्रावणातल्या शुक्रवारी आजी जिवतीची पूजा करते, मुलांना ओवाळते आणि हातावर गूळ-फुटाणे ठेवते, हे त्याला पक्कं ठाऊक. दोन श्रावण म्हणजे दुप्पट फुटाणे, असा त्यानं हिशेब मांडला. पहिल्या शुक्रवारी आंघोळ करून तो पाटावर बसलासुद्धा. आजी म्हणाली, "हा अधिक आहे रे राजा. जिवती निज श्रावणात." चार शुक्रवार त्यानं तोंड फुगवून काढले. यंदा १७ मे ते १५ जून असा ज्येष्ठ अधिक होता. या खेपेला जावयाचं वाण म्हणून माझ्या सासूबाईंनी ३३ अनारसे धाडले. मुलांनी डबा उघडून मोजले तर ३१ भरले. मोजणाऱ्यांच्या ओठांना खसखस लागलेली होती, त्यामुळे चौकशी पुढे गेली नाही.

मुलांचे ऋतू हे असे खाण्यापिण्यातून, खरचटण्यातून आणि आखूड झालेल्या कपड्यांतून कळतात. आम्ही पुण्यात राहतो, टेकडीच्या पायथ्याशी. शाळा चालत बारा मिनिटांवर. म्हणजे माझ्या पायांनी बारा. धाकटीच्या पायांनी किती, ते ऋतूवर ठरतं.

गेल्या जूनची गोष्ट. ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृगात जातो. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं: बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, कोल्हा, गाढव, असं काहीतरी. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला की आजी खूश, कोल्हा असला की सुस्कारा. मुलांच्या दृष्टीनं पाऊस दर तेरा-चौदा दिवसांनी गाडी बदलतो. सिमला ऑफिसवरून जाताना थोरल्याला मी सांगितलं होतं, की हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून इथं आलं, म्हणून हे नाव. त्यावर त्यानं विचारलं, "मग त्यांना वाहन कोण सांगतं?"

तर पहिला मोठा पाऊस होऊन गेला होता. सकाळी शाळेच्या वाटेवर, मोकळ्या प्लॉटच्या कडेला, धाकटी एकदम उकिडवी बसली. मी दोन पावलं पुढे गेलो. मग चार. हाक मारली. ती हलेना. मागे येऊन बघतो तर ओल्या मातीवर लालभडक ठिपका. मृगाचा किडा. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, आणि अंगावर असा मखमलीचा कपडा, की एवढ्या चिखलात त्याला डाग कसा लागत नाही याचं नवल वाटावं. तिनं बोट लावलं. त्यानं पाय पोटाशी घेतले आणि तो निपचित पडला.

"मेला?"

"नाही. घाबरलाय."

आम्ही तिघंही वाकून थांबलो. घड्याळ माझ्या मनगटावर टोचत होतं. थोड्या वेळानं एक पाय बाहेर आला, मग दुसरा. थोरला मोजायला लागला. सहा झाल्यावर तो थांबला नाही. "आठ! बाबा, झुरळाला सहा असतात, मुंगीला सहा, याला आठ. मग हा किडा नाहीच." त्याचं बरोबर होतं. मृगाचा किडा नावाचाच किडा, नात्यानं तो कोळ्याच्या कुळातला. वर्षभर मातीत राहतो, पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो आणि वाळवीसारखे बारके जीव खातो. पुढच्या आठवड्यात शोधलात तर मिळेलच असं नाही.

शाळेत सात मिनिटं उशीर झाला. फाटकाशी उभ्या असलेल्या बाईंनी मुलांना आत घेतलं आणि मला थांबवलं. "पालकांनीच शिस्त पाळली नाही तर कसं व्हायचं?" मी मान खाली घातली. किड्याचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं नंतर ऑफिसात दिवसभर वाटत राहिलं.

त्या आठवड्यापासून आम्ही दहा मिनिटं आधी निघतो. आईच्या भाषेत, सकाळच्या शिवणीत दहा मिनिटांची माया सोडतो. कधी ती गोगलगाईला लागते, कधी चपलेच्या तुटलेल्या अंगठ्याला, कधी नुसत्याच रडण्याला. रोज उरतेच असं नाही.

पुढचे महिने मुलांच्या अंगावरून भरभर जातात. सप्टेंबरअखेर सूर्य हस्तात गेला, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये भोंडला. पाटावर हत्ती, भोवती फेर आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. गेल्या वर्षी डबा आमच्या घरचा होता. "ओळखा पाहू" असं कुणी म्हणायच्या आतच धाकटीनं सगळ्यांना सांगून टाकलं, "साखरभात आहे, पण तुम्ही ओळखा." दिवाळीत थोरल्यानं राजगड करायला घेतला. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तिन्ही माच्या आणि मधे बालेकिल्ला, नकाशा समोर ठेवून. माती त्यानं कालवली, अळीव मी पेरले. तिसऱ्या दिवशी अळीव वर आले आणि त्याच सकाळी सगळे मावळे आडवे पडलेले दिसले. थोरल्यानं घर डोक्यावर घेतलं. धाकटी शांतपणे म्हणाली, "रात्री मीच झोपवले. ते उभे राहून दमले होते." त्यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी पहाऱ्याचे चार उभे आणि बाकीचे आडवे, असा तह झाला.

जानेवारीत तिचं शेवटचं बोरन्हाण. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत हे करायचं, ही आमच्याकडची रीत. काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, चुरमुरे. आताशा त्यात चॉकलेटंही. हलव्याचा मुकुट दोन वर्षांपूर्वीचाच होता. बायकोनं तो बांधायला घेतला तर मागचा दोरा पुरेना. शेवटी केसांची रिबीन जोडली. मला आठवेना, हा मुकुट तिला नेमका कधी बसला होता? पहिल्या वर्षी तो कपाळावरून नाकावर घसरत होता. आता दोरा आखूड. मधे एक दिवस असणारच, ज्या दिवशी तो बरोब्बर मापात होता. त्या दिवशी तो कपाटात होता.

मी हे मनात घोळवत असताना वाटीतून पहिली बोरं पडली. चारी बाजूंनी पोरं तुटून पडली आणि त्यांच्यात, मुकुटासकट, आमची उत्सवमूर्तीही. जिच्यावर ओतायचं ती पाटावर नाहीच. रिकाम्या पाटावर उरलेले चुरमुरे ओतून आम्ही विधी पूर्ण केला.

मग उन्हाळा. उन्हाळ्यात मुलांना काम दिलं की त्यांचा दिवस सरतो, म्हणून गच्चीवर वाळवणाची राखण त्यांच्याकडे. मजुरी म्हणजे कुरडयांचा वाटीभर चीक, तेल आणि मीठ घालून, भांडं गरम असतानाच. कावळ्यांपासून आणि कबुतरांपासून पापड्या वाचवायच्या होत्या, आणि त्या वाचल्याही. पण अर्धवट वाळलेली पापडी फार छान लागते, हे कावळ्यांना नाही तरी राखणदारांना ठाऊक होतं. संध्याकाळी प्लॅस्टिकच्या कागदावर जागोजागी गोल रिकाम्या जागा होत्या. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "तेवढ्या मी जास्तच घातल्या होत्या." त्या वेळी मी ते नुसतं ऐकलं.

तर पुन्हा जून. फ्रॉकची शिवण उसवून झाली. आईनं इस्त्री फिरवली तरी जुन्या दुमडीची रेघ गेली नाही, आणि रेघेखालचा पट्टा नव्यासारखा गडद निळा. वर्षभर ऊन, साबण आणि चिखल त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. धाकटीला तो पट्टा भलताच आवडला. तिला वाटलं, आजीनं मुद्दाम काठ लावलाय.

उरला रेनकोट. दादाचा जुना गेल्या पावसात खांद्यावर फाटला, म्हणून आम्ही दोघं तुळशीबागेत गेलो. दुकानदारानं तिच्याकडे एक नजर टाकली आणि फळीवरून हात आणखी वर नेला. "वाढत्या अंगाचा देतो, साहेब. दोन वर्षं बघायला नको."

रेनकोटच्या कडा मी उलगडून पाहिल्या. प्लॅस्टिक तापवून चिकटवलेलं. माया सोडायला जागाच नाही. मला मुकुट आठवला. आपण मुलांचं सगळं पुढच्या वर्षाच्या मापानं घेतो, आणि जे या वर्षाचं असतं ते बाह्या दुमडण्यात जातं. एकदा तरी काही आजच्या मापाचं घ्यावं. मी जरा भारावूनच म्हणालो, "नको, मापाचा द्या."

त्यानं लहान आकाराचा दिला. धाकटीनं तो घातला. खांदे बरोबर, बाह्या मनगटापर्यंत. मी समाधानानं पाहत होतो तेवढ्यात ती दुकानातच उकिडवी बसली. रेनकोट गुडघ्यांवर ताणला गेला आणि मागून वर सरकला.

"हा नको. तो मोठा दे."

मोठा घातल्यावर बाह्या बोटांच्या खाली लोंबायला लागल्या, टोपी डोळ्यांवर आली. ती पुन्हा उकिडवी बसली. रेनकोट चारी बाजूंनी जमिनीला टेकला, पाय दिसेनासे झाले. तिनं टोपी मागे सारली आणि फरशीकडे निरखून पाहिलं.

"हा चालेल. यात बसता येतं."

"बसून करायचं काय, बेटा?" दुकानदारानं विचारलं.

ती काही बोलली नाही. फरशीच्या फटीतून एक मुंगी चालली होती. मी पाकीट काढलं, पैसे दिले आणि मुंगी फळीखाली जाईपर्यंत उभा राहिलो.