भूत नको, नाव सांगा

जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धाराला सध्या बरे दिवस आले आहेत. ओसाड वाडे विकत घेतले जातात, छपरावर नवी कौले चढतात, शिसवी कपाटांना पॉलिश होते, भिंतींना पूर्वीचाच पिवळा वा निळा रंग लागतो. मग पाहुण्यांचे मन रमावे म्हणून जोडीला एखादी भुताची गोष्ट सांगितली जाते. अमक्या खोलीत मध्यरात्री पावले वाजतात, तमक्या जिन्यावर कुणी हुंदके देते! वाड्यांच्या डागडुजीला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो या गोष्टीला. जिथे भूत दाखवले जाते तिथे पुष्कळदा एखाद्या माणसाचे नाव झाकलेले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील लुईझियाना राज्याचेच उदाहरण घ्या. फ्रेंच व स्पॅनिश अमलाखाली घडलेला हा मुलूख परंपरेने कॅथलिक. म्हणून तेथील कथा आपल्याला अधिक बोचावी. न्यू ऑर्लिन्स शहरात रॉयल स्ट्रीटवर डेल्फीन लालोरी या धनाढ्य बाईची हवेली होती. १० एप्रिल १८३४ रोजी हवेलीला आग लागली. मदतीला धावलेल्या लोकांना आत साखळदंडांनी जखडलेले, उपासमारीने खंगलेले, छळाने विद्रूप झालेले गुलाम सापडले. संतप्त जमावाने हवेलीची नासधूस केली. बाई मात्र निसटली ती थेट फ्रान्सला पोहोचली. पुढे तेथे पुन्हा घर उभे राहिले. आज सहल काढणारे वाटाडे त्या घरासमोर थांबून भुताची कहाणी रंगवतात. बाईचे नाव शहरात सर्वांना पाठ आहे. साखळीत जखडलेल्यांची नावे किती जण विचारतात?

त्याच राज्यात मिसिसिपी नदीकाठी व्हिटनी नावाचा जुना मळा आहे. आंब्रोझ हायडेल या जर्मन स्थलांतरिताने १७५२ साली तेथील जमीन घेतली. प्रथम नीळ आणि नंतर ऊस, असे दोन्ही पीक गुलामांच्या घामावर निघाले. जॉन कमिंग्स या वकिलांनी १९९९ साली हा मळा विकत घेतला. आधीच्या मालक कंपनीने करवून घेतलेला मळ्याचा सविस्तर इतिहासही त्यांच्या हाती आला आणि तो वाचून त्यांचा बेत बदलला. सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक यांना सोबत घेऊन त्यांनी वाड्याइतकेच गुलामांच्या खोपटांकडे लक्ष दिले. डिसेंबर २०१४ मध्ये मळा लोकांसाठी खुला झाला. येथे मालकाच्या दिवाणखान्याचे कौतुक नाही. भिंतींवर कोरली आहेत ती गुलामांची नावे.

ही नावे कोठून मिळाली? काही मालकांच्या हिशेबाच्या कागदांतून, आणि काही चक्क चर्चच्या दप्तरातून. १७२४ च्या फ्रेंच कायद्याने लुईझियानातील गुलामांना कॅथलिक स्नानसंस्कार देणे बंधनकारक केले होते. त्यामुळे ज्यांना जगाने केवळ मालमत्ता मानले, त्यांचीही नोंद धर्मगुरूंच्या वहीत झाली. तिसरा वाढदिवस पाहण्याआधी मरण पावलेल्या २,२०० गुलाम बालकांचे स्मारक व्हिटनीत आहे. तेथे बाळाला उचलून स्वर्गाकडे निघालेला एक कृष्णवर्णीय देवदूत उभा आहे. या बालकांचा माग लागला तो न्यू ऑर्लिन्स आर्चडायोसिसच्या संस्कारनोंदींतून. ज्या ख्रिस्तसभेने त्या काळी गुलामगिरीशी जुळवून घेतले, तिच्याच वहीने शेवटी साक्ष दिली.

सुज्ञ वाचकहो, हे सारे सातासमुद्रांपलीकडचे आहे असे समजू नका. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून गोव्यात आर्चबिशपांच्या पदरी चिटणीस होता. १५९६ साली छापलेल्या ग्रंथात त्याने गोव्याच्या हमरस्त्यावर भरणाऱ्या माणसांच्या लिलावाचे वर्णन केले आहे. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी रद्द करणारे फर्मान निघाले ते १८६९ साली. प्रत्येक जुन्या वाड्यात गुलाम होते असे आमचे म्हणणे नाही. पण शोध न घेताच नव्हते असे म्हणणे हा कोणता न्याय?

यावर आक्षेप येतात ते ठरलेले. मेलेल्यांना कशाला उकरायचे? नोव्हेंबरचा सारा महिना मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या समाजाने हे विचारावे याचे नवल वाटते. दुसरा आक्षेप, काळच तसा होता. पोप पाचवे निकोलस यांनी १४५२ साली पोर्तुगालच्या राजाला माणसे गुलाम करण्याची मुभा दिली होती, हे आम्ही लपवीत नाही. पण पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास मनाई केली आणि सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. सत्य सांगणारे त्या काळीही होते. ऐकणाऱ्यांनी कान बंद केले होते. तिसरा आक्षेप, याने ख्रिस्तसभेची बदनामी होईल. पोप दुसरे जॉन पॉल फेब्रुवारी १९९२ मध्ये सेनेगलच्या गोरे बेटावरील गुलामांच्या घरात गेले आणि ख्रिस्ती माणसांनी केलेल्या या पापाबद्दल त्यांनी क्षमायाचना केली. त्यांनी ख्रिस्तसभेची बदनामी केली, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

म्हणून आमची मागणी साधी आहे. धर्मग्रामांच्या जुन्या नोंदवह्या वाळवीच्या तोंडून सोडवा, त्यांच्या छायाप्रती काढा, अभ्यासकांना त्या पाहू द्या. वाड्याचा जीर्णोद्धार करणाऱ्यांनी कौलांचा हिशेब ठेवतात तसा तेथे राबलेल्या माणसांचाही ठेवावा. दारावरच्या फलकावर भाटकाराच्या नावाखाली त्याच्या स्वयंपाकिणीचे, गड्याचे, आणि सापडले तर गुलामाचे नाव असू द्यावे. एवढे केल्यावाचून झालेला जीर्णोद्धार म्हणजे केवळ रंगसफेदी होय.

स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू आईबापांना सर्वांत आधी बाळाचे नाव विचारतात. जुन्या वाड्याचा उंबरा ओलांडतानाही प्रथम हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे. ज्याला नाव मिळाले तो मग भूत राहत नाही. तो आपल्या प्रार्थनेचा वाटेकरी होतो.